दोन भाषांतले कान

शेजारच्या नरसूबाईंना कानाचं मशीन घ्यायचं होतं, म्हणून मी सोबत गेले. काचेपलीकडे त्या हेडफोन लावून बसल्या होत्या. कानात पडेल तो शब्द म्हणून दाखवायचा होता. मराठी शब्द सुरू झाले तशा त्या तपासणाऱ्या मुलीच्या ओठांकडे बघू लागल्या. पण शब्द रेकॉर्ड केलेले, ओठ हलणार कुठून? निम्मे हुकले. मग मुलीने त्यांच्या माहेरच्या तेलुगूतले शब्द लावले. बाईंनी चक्क डोळे मिटले आणि एकेक शब्द सहज म्हणत गेल्या.

सोलापुरात भिंतीला भिंत लावून आमचा जन्म गेला, सगळं बोलणं मराठीत. त्या माझ्या तोंडाकडे टक लावून बघायच्या, मला ती माया वाटायची. लहानपणी कानावर पडलेला शब्द अर्धाच आला तरी मन तो पुरा करून घेत असावं. नंतर शिकलेल्या शब्दाला डोळ्यांची मदत लागते.

मुलीने दोन्ही निकाल शेजारी-शेजारी ठेवले. "तेलुगूला साधं मशीन पुरेल आजी, मराठीला जरा वरचं लागेल. कुठलं बघू?"

"मराठीचंच बघ," बाई म्हणाल्या. "तेलुगूत हाक मारणारं आता कोण राहिलंय?"

आणि सवयीने माझ्या ओठांकडे बघत राहिल्या.