सातव्या ग्रीनचे चौदा मीटर

"मी काय म्हनतो सर, तुमचं यंत्र खोटं हाय असं मी म्हनूनच नाई राह्यलो. अठरापैकी सतरा होलावर थे खरं बोलते. निरा सातव्यावर आलं का चौदा मीटर खाते. तुम्ही सोता चालून पाहा ना. दहा मिन्टं लागतीन."

"तायडे, दहा मिनिटं असती तर मी सकाळचा चहा नसता का घेतला?" सलील सरांनी लॅपटॉपवरची नजर काढली नाही. "आकडे बदलायला सांगितलेत, ते बदला. मशीनला शिकवू नका."

देवानंद तायडे हलला नाही. त्याच्या गमबुटांचा चिखल सरांच्या ऑफिसातल्या कार्पेटवर उतरत होता, ते त्यालाही दिसत होतं. पण त्याचं ध्यान टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात होतं. तिथं एका फाईलखाली त्याच्या कराराच्या नूतनीकरणाचा फॉर्म पडलेला होता, सहीवाचून. चार दिवस झाले, फॉर्म फाईलखालून निघत नव्हता. आज नोव्हेंबरची एकोणीस. पंचवीसला त्याचा बताका, म्हणजे ओमानात राहायचं कार्ड, संपत होता. त्याचं संपलं की बायकोचं, अनुसयाचं संपलं, पोरीचं, प्रणालीचंही संपलं. प्रणाली दहावीत. परीक्षा मार्चात.

हा गडी मूर्तिजापूरकडचा. शेती-अवजारांचा डिप्लोमा केलेला, चार वर्षं ठिबकच्या कंपनीत नळ्या अंथरलेला, आणि २००८ पासून मस्कतच्या या गोल्फ क्लबात पाण्याचा माणूस. राहायला माबेल्याला, दोन खोल्यांत. पाच वर्षं परमुलखात काढली तरी त्यानं आपली बोली सोडली नव्हती. सलील सर पुण्याचे. त्यांच्यापुढं तोंड उघडलं की सरांच्या ओठाच्या कोपऱ्यात एक बारीक हसू यायचं. देवानंदला ते कळायचं. तो म्हणायचा, हसू द्या. पाइप फुटला तं माह्याच बोलीत बंद होते.

आता हे चौदा मीटरचं प्रकरण. गोल्फच्या मैदानात जमिनीत जागोजाग स्प्रिंकलर पुरलेले असतात, आणि प्रत्येकाच्या झाकणावर एक आकडा कोरलेला असतो. इथून ग्रीनचा मध्य, म्हणजे झेंडा लावतात त्या गुळगुळीत हिरवळीचा मधला बिंदू, किती मीटर, हे सांगणारा तो आकडा. खेळणारा झाकण पाहतो आणि त्या हिशेबानं काठी निवडतो. अठरा होलांची सगळी झाकणं देवानंदनं बसवलेली. पण औंदा सलील सरांनी क्लबाला पटवून बारा यंत्रं घ्यायला लावली. साबणाच्या वडीएवढी, हातात धरायची, वरून उपग्रहाशी बोलणारी. बटण दाबलं की अंतर पडद्यावर. रिसेप्शनवर ती भाड्यानं मिळू लागली आणि मेंबर लोक झाकणाकडं वाकेनासे झाले.

मागच्या शुक्रवारी स्पर्धेत क्लबाचा कॅप्टन, तेल कंपनीतून निवृत्त झालेला एक लालबुंद स्कॉटिश म्हातारा, सातव्यावर यंत्र पाहून खेळला आणि चेंडू ग्रीनच्या अलीकडं वादीतल्या, म्हणजे कोरड्या नदीपात्रातल्या, दगडांत घातला. स्पर्धा गेली. मग त्याची नजर पायाजवळच्या झाकणावर पडली. यंत्र म्हणत होतं एकशे अठ्ठावीस, झाकण म्हणत होतं एकशे बेचाळीस. त्यानं लेखी तक्रार केली, की तुमची झाकणं चुकीची आहेत, दोन आकडे दिसले आणि माझा हात अडखळला. आधी चेंडू गेला आणि मग आकडा दिसला, हे त्याला कोण सांगणार? सलील सरांनी मॅनेजमेंटला त्याच दिवशी कळवून टाकलं, की झाकणं बसवणाऱ्याची चूक आहे, दुरुस्ती चालू आहे. आणि फॉर्म फाईलखाली गेला.

देवानंदला दोन दिवसांसाठी एक यंत्र मिळालं. त्यानं ते एका हातात धरलं, दुसऱ्या हातात आपली वही, आणि पहाटे साडेचारपासून एकेक झाकण धुंडाळत फिरला. गडी मनातून पुरता धास्तावला होता. माणूस आहे, चुकू शकतो. पण एक नंबर जमला, दोन नंबर जमला. कुठं एक मीटरचा फरक, कुठं दोनाचा, तेवढं चालतं. सहा होलांत त्याच्या छातीवरचं ओझं उतरत आलं. सातव्यावर मात्र बावीसच्या बावीस झाकणं चौदा मीटरनं लांब बोलत होती. एखादं चुकलं असतं तर समजलं असतं. सगळी सारखी कशी चुकतील?

मोजमापाच्या बाबतीत तो भलता हट्टी. त्याचं कारण जुनं आहे. त्याचा बाप रोजगार हमीच्या कामावर खड्डे खणायचा, आणि मस्टर कारकून टेपाचं टोक खड्ड्याच्या काठावर न धरता वीतभर आत धरायचा. बापाला लिहिता येत नव्हतं, पण आपण किती खणलं ते त्याच्या कमरेला ठाऊक असायचं. सातवीतला देवानंद एकदा त्या कारकुनाच्या हातातलं टोक ओढून काठावर धरून बसला होता. त्यापायी बापाचं दोन आठवड्यांचं काम गेलं. घरी बापानं त्याला मारलंही नाही नि शाबासकीही दिली नाही. तेव्हापासून टेप म्हटला की हा गडी टोक दोनदा तपासतो.

मग त्यानं एक केलं. यंत्रावरचा आकडा पाहत सरळ चालत सुटला. शंभर, साठ, तीस, दहा. ग्रीन अजून पुढंच होतं. तो वादीत उतरला, गोट्यांतून धडपडत गेला, आणि एका ठिकाणी पडद्यावर शून्य आलं. त्यानं खाली पाहिलं. पायाखाली दगड आणि एक वाळलेलं काटेरी झुडूप. यंत्राच्या मते तो सातव्या ग्रीनच्या ऐन मध्यावर उभा होता.

तेव्हा त्याला सगळं उमगलं. २०१० च्या वादळात या वादीला लोंढा आला होता, आणि सातवं ग्रीन निम्मं धुऊन गेलं होतं. मग ते मागं सरकवून नवं बांधलं. त्याचे पाइप देवानंदनंच टाकले, आणि तेव्हाच्या गोऱ्या सुपरिंटेंडंटनं उभं राहून सगळी झाकणं टेपानं नव्यानं मोजून घेतली. तो गोरा कधीच देश सोडून गेला. त्याच्या जागी सलील सर आले वादळानंतर दोन वर्षांनी. आणि यंत्रात भरलेला नकाशा वादळाच्या आधीचा. यंत्र अजून वाहून गेलेल्या ग्रीनकडंच बोट दाखवत होतं.

आपली चूक नाही म्हटल्यावर फॉर्मवर सही होणारच, अशा भरवशावर तो ऑफिसात आला होता. आणि आता दहा मिनिटं मागत उभा होता.

शेवटी सर उठले, ते बहुतेक कार्पेटकडं पाहून. बग्गीत बसून सातव्यावर आले. तिथं यूनुस टेप घेऊन थांबलेला. यूनुस अल अमेरातचा, बलुची वळणाचा ओमानी, देवानंदचा पाच वर्षांचा जोडीदार. वादीत पडलेले चेंडू वेचून विकायचा त्याचा जोडधंदा, त्यामुळं ही यंत्रं आल्यापासून तो फार खुशीत होता.

टेप ताणला. एकशे बेचाळीस मीटर आणि चार बोटं. सरांनी गॉगल वर सरकवून पाहिलं. मग देवानंदनं त्यांना वादीत उतरवलं, गोट्यांवरून हाताला धरून नेलं, आणि यंत्र त्यांच्या हातात दिलं.

"पाहा सर. शून्य. तुम्ही ग्रीनवर उभे हाय."

सरांच्या चकचकीत बुटाखाली एक गोटा घरंगळला. त्यांनी पडद्याकडं पाहिलं, मग पायाखालच्या दगडांकडं. कळलं होतं त्यांना. ते देवानंदला स्पष्ट दिसलं, आणि जिवात जीव आला त्याच्या.

"हे अजून कोणी पाहिलंय?" सरांनी विचारलं.

"हा यूनुस अन् मी."

सर म्हणाले, नकाशा सुधारायला कंपनीला लिहू, पण त्यांचा नवा नकाशा यायला वर्ष जाईल. देवानंदनं सुचवलं, की बारा यंत्रांना मागून चिठ्ठी चिकटवू, सातव्यावर चौदा मिळवा म्हणून. मी रातून लिहून देतो. सरांनी नकारार्थी मान हलवली. नव्या यंत्राला चिठ्ठी म्हणजे ते यंत्र कोणी घ्यायला लावलं, हा पुढचा प्रश्न. ते तसं बोलले नाहीत, पण वेगळं काय होतं? मग देवानंद म्हणाला, निदान झाकणं तरी राहू द्या, कोणी खरं पाहील.

"दोन आकडे दिसतात हीच तर तक्रार आहे ना, तायडे. एकच दिसला पाहिजे." सरांचा आवाज आता मऊ होता. "हे बघा, मी तुमचं वाईट करत नाहीये. झाकणं आज बदला. आणि एक छोटा रिपोर्ट लागेल तुमच्या सहीचा, की बसवताना माप चुकलं होतं, ते दुरुस्त केलं. मी मॅनेजमेंटला तसंच कळवलंय. तो रिपोर्ट आला की संध्याकाळी तुमचा फॉर्म पुढे पाठवतो. इन्शाल्ला."

बग्गी गेली. यूनुसनं टेप गुंडाळत हिंदीत सांगितलं, की चल, मोठ्या साहेबाकडं मी जातो. मला कोण काढतंय, मी इथला आहे. देवानंदनं त्याचा दंड धरला.

"तेरे को कोई नहीं निकालेगा," तो म्हणाला. "मेरे को निकालेगा."

पंपघराच्या आडोशाला जाऊन त्यानं अनुसयाला फोन लावला. सगळं सांगितलं, दगडातल्या शून्यासकट. मग तिनं विचारलं,

"मले एक सांगा. आज खोटं लिवून दिलं, तं उद्या दुसरी चूक तुमच्याच नावावर टाकतीन का नाई?"

"टाकतीन."

"अन् नाई लिवून दिलं तं?"

"पंचवीस तारखेले खलास. सगळ्यायचं."

पंपाची घरघर वाढली, त्यानं फोन कानाशी घट्ट धरला.

"मंग मले कायले इचारता? म्या नाई म्हनलं तं तुम्ही आयकनार हाय का? आन् हो म्हनलं तं जलमभर माह्या नावानं सांगसान. पोरीची परीक्षा मार्चात हाय, हे तुमाले ठाऊक हाय. तुमचं माप बरोबर हाय, हे मले ठाऊक हाय. आता काय करा लागते थे करा. पन अनुसयानं सांगतलं म्हनून सही केली, असं मले कवाच आयकवू नका."

त्यानं फोन खिशात घातला. निझव्याला खजुराच्या बागांचं काम मिळेल का, असं एकदा मनात आलं. पण तिकडं जायचं तर या क्लबानं सोडल्याची चिठ्ठी पाहिजे, नाहीतर दोन वर्षं देशात पाय ठेवता येत नाही. आणि ती चिठ्ठीही त्याच टेबलावरून येणार. कुठूनही सुटायची वाट नव्हती. गडी वळला, ऑफिसात गेला.

रिपोर्ट टाइप होऊन तयारच होता. इंग्रजीत चार ओळी. त्यानं एकेक शब्द वाचला. 'माझ्या हातून माप चुकलं' या ओळीवर त्याचं बोट थांबलं. सरांनी पेन पुढं केलं आणि उगीचच खिडकीबाहेर पाहिलं. देवानंदनं सही केली. सही नेहमीपेक्षा बारीक आली. फॉर्म अजून फाईलखालीच होता. संध्याकाळी, सर म्हणाले.

दुपार कलली तेव्हा तो सातव्यावर गुडघे टेकून बसला होता. जुनं झाकण उपसायचं, मागच्या बाजूला कोरायच्या मशीननं नवा आकडा घालायचा, उलटं करून बसवायचं. यूनुस रागावलेला होता, बोलत नव्हता, पण झाकणं धुऊन देत होता. पहिलंच झाकण त्या एकशे बेचाळीसचं निघालं. देवानंदनं एक कोरला, दोन कोरला, आठ कोरताना मशीन घसरली आणि आठाच्या बाहेर एक रेघ लांब गेली. त्यानं तसंच बसवलं.

तेवढ्यात बग्गी आली. कॅप्टन उतरला, एकटाच सरावाला निघालेला. त्याचा चेंडू झाकणापासून हातभर अंतरावर. त्यानं यंत्र पाहिलं, मग वाकून झाकण पाहिलं, आणि त्याचा चेहरा फुलला. आता कसं झालं, असं काहीसं तो इंग्रजीत म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. त्यानं देवानंदच्या खांद्यावर थोपटलं आणि सरळ विचारलं, की तू पाण्याचा माणूस, हे सगळं मैदान पायानं तुडवलेला. आता हा आकडा खरा ना?

यूनुस हातातलं झाकण धरून तसाच थांबला.

देवानंदनं वर पाहिलं. कॅप्टनच्या पाठीमागं वादी दिसत होती, तिच्या पलीकडं ग्रीन, त्यावर झेंडा. एक वाक्य बोलायचं काम होतं. हा माणूस कॅप्टन होता. त्यानं ऐकलं असतं, टेप मागवला असता, सरांना जाब विचारला असता. सगळं झालं असतं. आणि मग सरांच्या टेबलावर दोन कागद असते, एक देवानंदच्या सहीचा, एक सहीवाचूनचा.

"वन ट्वेंटी एट, सर," तो म्हणाला.

कॅप्टननं काठी बदलली, पाय रोवले, आणि मारलं. फटका झकास बसला होता. देवानंदनं चेंडूकडं पाहिलं नाही. तो पुढच्या झाकणाभोवतीची माती काढत होता. दगडावर चेंडू आपटल्याचा आवाज तेवढा आला, टक, मग आणखी एकदा बारीक टक. मग बग्गी निघून गेल्याचं ऐकू आलं.

यूनुस चेंडू आणायला गेला नाही.

"कितना था ये?" त्यानं हातातलं झाकण पुढं करत विचारलं.

"एक सौ साठ," देवानंद म्हणाला, आणि मशीन चालू करून एकशे सेहेचाळीस कोरायला बसला. अजून वीस झाकणं राहिली होती, आणि पाचला पाणी सोडायचं होतं.