आटलेल्या विहिरीचं शेवटचं पाणी

शनिवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. बरोबर त्या मिनिटाला मी माती खाल्ली.

काय झालं, इथे नेदरलँड्समध्ये, फेल्डहोवनला आमच्या जवळच्या हॉलमध्ये दोन डच चित्रकार बायकांचं प्रदर्शन होतं. राजस्थानात वाळवंटातल्या एका शहरात तीन महिने राहून आलेल्या. भिंतीभर कोरडे तलाव, रिकामे हंडे, हाडं वर आलेली गुरं. मधोमध स्टुलावर भरलेला माठ, वर ओगराळं.

माझी सई दोन वर्षांची. मागच्या वर्षी गावी जुलाबांनी सलाईनवर होती. तेव्हापासून मी इथलं नळाचं पाणीही उकळते. हे हसतात, हसू देत. नेमकी त्या दिवशी बाटली घरी राहिली आणि पोरगी "वाटर, वाटर" करत फरशीवर लोळली.

आपल्याकडे असा माठ कशासाठी असतो, तुम्हीच सांगा. पाजलं.

तेवढ्यात हे पाटी वाचून आले.

"अगं, काय पाजलंस तिला?"

"माठातलं पाणी."

"ते आटलेल्या विहिरीचं शेवटचं पाणी आहे. मार्चमध्ये आणलेलं."

आणि चालू होता सप्टेंबर.

मी सईला उचलून बाहेर धावले. ह्यांनी डॉक्टरांना फोन लावला. "वाट बघा म्हणतात."

"कसली वाट?"

सई मजेत बूट काढत होती.

परत आत आलो, तर माठापुढे रांग. मी पाजताना बघून लोकांना वाटलं, इथे प्यायचंच असतं. एक उंच आजोबा तर डोळे मिटून तीर्थासारखं पीत होते. माझ्यापायी किती जण जाणार? मी माठाला मिठीच मारली. "नो वाटर, डेड वाटर."

आजोबांचा चेहरा पांढरा पडला. टोपी तिथेच टाकून सायकलवर बसले आणि गेले.

चित्रकार बाई धावत आली, ह्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणते?"

"ते पाणी प्रदर्शनाच्या पहिल्याच आठवड्यात पाझरून गेलं. माठ पाझरतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. तेव्हापासून रोज इथल्या नळाचं भरतात."

मी माठाची मिठी सोडली.

"उकळून भरतात का, विचारा ना."

ह्यांनी विचारलं नाही.

सई ठणठणीत आहे. आजोबा मात्र मला पुन्हा दिसले नाहीत. टोपी माझ्याकडे आहे. तुमच्यापैकी कुणाला भेटले तर एवढा निरोप द्या, पाणी नळाचंच होतं. उकळलेलं नव्हतं, तेवढं सांगू नका.