चावी उतरल्यावरची चाल

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या मार्च महिन्यात रेवदंड्याच्या कोळीवाड्यात एका अमेरिकन गायकाची तबकडी पहिल्यांदा वाजली. ती आणणारा बोटीवरचा खलाशी होता. बहिणीच्या लग्नासाठी तो दोन महिन्यांच्या सुटीवर आला होता. सोबत गायकाचा मासिकातून कापलेला फोटो आणि चावीचा एक जुना फोनो, म्हणजे ग्रामोफोन, होता. फोनो एडनच्या बाजारात घेतल्याचे त्याने सांगितले.

त्याच आठवड्यात त्याने लग्नाला अलिबागचे बेंड आणणार असल्याचे जाहीर केले. बँडला आमच्याकडे बेंड म्हणतात. कोळीवाड्याचे स्वतःचे बेंड होते आणि ते माझ्या मामाचे होते. माणसे आठ. मामा क्लॅरिओनेट वाजवी आणि सगळे त्याला मास्तर म्हणत. वाड्यातल्या लग्नाला बाहेरचे बेंड त्याआधी कधी आले नव्हते.

"तुमच्या चार चाली आमच्या आज्यानं आयकल्या, बापानं आयकल्या," खलाशी धक्क्यावर मामाला म्हणाला. "आता मी तरी नवीन काय आयकू का नको, मास्तर?"

 घरी येऊन मामा म्हणाला की ह्या वाड्यात दुसऱ्याचे बेंड वाजले तर क्लॅरिओनेट खाडीत टाकीन.

"भरतीला का ओहोटीला?" मामीने विचारले. ओहोटीला टाकलेली वस्तू चिखलातून परत काढता येते.

मी तेव्हा अलिबागच्या एका साप्ताहिकात बातमीदार होतो. गायकाविषयी जे कळले ते एकट्या खलाशाकडून. त्याला दुसरीकडून दुजोरा मिळाला नाही. गायक गरीब घरचा होता. असले गाणे सुरू करणाऱ्या पहिल्या दोघा-चौघांत त्याची गणना होई. तो गाऊ लागला की मुली खुर्च्यांवर चढत आणि त्यांचे आईबाप रेडिओ बंद करत. कार्यक्रमाला पोलीस उभे करावे लागत.

"लग्नात वाजवतो का?" मामाने विचारले.

"न्हाय. तिकिटावर."

"म्हंजे लग्नाचं काम मिळत न्हाय त्याला."

फोटोत गायक एक गुडघा आत वळवून, टाच उचलून उभा होता. वाड्यातल्या धवलारणीने तो फोटो उन्हात धरून पाहिला. आमच्याकडे लग्नाचे विधी गाण्यांतून लावते ती धवलारीण, आणि लग्नघरात तिचा शब्द शेवटचा असतो. "पायात काटा भरलाय पोराच्या," ती म्हणाली आणि फोटो परत दिला.

मी ही हकीकत लिहून संपादकांना दिली. गायकाचे कुलाबा जिल्ह्यात कोणी नातेवाईक आहेत का, एवढेच त्यांनी विचारले. बातमी लागली नाही.

मामाने त्या तबकडीवरची चाल आपल्या बेंडवर बसवायचे ठरवले. खलाशाने त्याला घरात बसून ऐकू दिले नाही. तबकडी अलिबागच्या बेंडवाल्यांना ऐकवायची होती. तेव्हा मामा आणि त्याचा ढोलवाला रोज दिवेलागणीच्या आधी खलाशाच्या घरामागे, बोंबील वाळत टाकलेल्या बांबूच्या वलांडीच्या आडोशाला जाऊन बसू लागले. हे अकरा दिवस चालले.

आत फोनो चालवण्याचे काम खलाशाच्या बापाकडे होते. म्हातारा जपून वागणारा. स्प्रिंग पुरती सैल झाल्याशिवाय चावी दिली तर ती तुटते, अशी त्याची समजूत होती. त्यामुळे तबकडी अर्ध्यावर आली की गाणे मंदावे, गायकाचा आवाज रेड्यासारखा जाड होई आणि बंद पडायच्या बेताला येई. मग म्हातारा चावी फिरवी आणि गाणे पुन्हा धावत सुटे. मामाने हे सगळे चालीतच धरले. ओळखीचे गाणे असते तर त्याला फरक कळला असता. हे गाणे खरे कसे आहे ते वाड्यात फक्त खलाशाला माहीत होते, आणि खलाशी त्या वेळी धक्क्यावर पत्ते खेळत असे.

"गानारा मानूस हुशार हाय," मामाने मला सांगितले. "नाचणाऱ्याला दम खायाला जागा ठेवलीय."

साखरपुडा एप्रिलच्या एका रविवारी सकाळी झाला. बेंड सांगितलेले नव्हते. नवऱ्याकडची मंडळी अंगणात बसल्यावर मामा आठही माणसे घेऊन आला आणि त्याने सरळ ती चाल सुरू केली. पुरुष उठून नाचू लागले. अर्ध्यावर क्लॅरिओनेट घसरत खाली आले, ढोल संथ झाला. नाचणारेही चालीबरोबर वाकत गेले. नवऱ्याचा मामा अंगाने भारी होता. तो थेट जमिनीवर बसला. तेवढ्यात ढोलावर थाप पडली आणि सगळे एकदम उसळले. त्यांनी चाल आणखी दोनदा वाजवायला लावली.

"बंद करा," खलाशी म्हणाला. "हे गानं नव्हं, मास्तर. ही उतरलेली चावी हाय."

"चावी तुझ्या घरची. आमी आयकलं तसं वाजवलं."

"चोरून आयकलं."

"बोंबील राखत होतो."

"आमचे बोंबील? तुमाला कोनी सांगितलेलं?"

"शेजारधर्म," ढोलवाला म्हणाला.

धवलारणीने फोनो अंगणात आणवला. खलाशाने बापाला बाजूला करून स्वतः पूर्ण चावी दिली आणि सुई ठेवली. गाणे लागले तशी माणसे नाचू लागली. अर्ध्यावर सगळ्यांनी गुडघे वाकवले आणि वाट पाहिली. गाणे तसेच पुढे गेले. तिघे खाली बसले, दोघे एकमेकांवर आदळले.

"ह्याला घाई कसली?" नवऱ्याच्या मामाने जमिनीवरून विचारले.

"असंच असतंय ते," खलाशी म्हणाला. "खरं गानं हे हाय."

"असंल," धवलारीण म्हणाली. "तुझा मानूस वाईट न्हाय, बाला. पन मास्तरानं त्याला लग्नाचा केलाय. अलिबागवाल्यांना शब्द दिलास?"

"उद्या देनार होतो, आये."

"मंग उद्या घरीच ऱ्हा."

खलाशाने नवऱ्याकडच्यांकडे पाहिले. ते मामाच्या ढोलवाल्याला सरबत देत होते.

लग्न त्याच महिन्यात झाले. घरापासून मांडवापर्यंत मामाचे बेंड वाजले. ती चाल सहा वेळा वाजवण्यात आली. खलाशी पाच वेळा चालीबरोबर खाली बसला आणि उठला. सहाव्या वेळी त्याला दोघांनी धरून उठवले.