ओरखडा नव्हे, ठशाची भेग

दिनांक १४ मार्च २०१९ रोजी नाणेसंग्राहक मंडळाच्या सूची-समितीने एक तांब्याचे नाणे 'ओरखडा. नोंद नाकारली' असा शेरा मारून परत पाठवले. पाकिटावरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती. नाणे कोणी पाहिलेच नव्हते. सोबतच्या छायाचित्रावरूनच तीन सुशिक्षित सभासदांनी निकाल दिला होता. हे येथे नोंदवणे भाग आहे, कारण मंडळाच्या इतिवृत्तात ते सापडणार नाही.

नाणे एक्स-रेवाल्या बाईंचे. रुग्णालयात अठ्ठावीस वर्षे लोकांच्या हाडांतल्या भेगा शोधलेल्या बाईंना नाण्यावरच्या मुकुटापासून काठाकडे गेलेली केसाएवढी रेघ दिसली होती. नाणे पाडण्याच्या पोलादी ठशाला तडा गेला, की धातू त्यात शिरतो आणि रेघ उंच उमटते. ओरखडा मात्र खोल असतो. एवढाच काय तो वाद. पण हा प्रकार बाईंचा शोध म्हणून सूचीत जाणार, की बाई वेड्यात निघणार, हे त्यावरच ठरायचे होते.

"अहो, मला ओरखडा कळत नाही होय?" बाई धुमसत होत्या.

टेबलापलीकडे काज करत बसलेल्या शिंपी नवऱ्याने तिकडूनच छायाचित्रावर नजर टाकली. "ओरखडा कसला? चांगली वर आलेली शिवण आहे की."

बाईंनी छायाचित्र उलटे फिरवले. रेघ वर आली! सरळ केले, खाली बसली. छायाचित्र घेताना दिवा त्यांनी नाण्याच्या खालच्या अंगाला ठेवला होता, आणि खालून उजेड आला की डोळा उंचवट्याला खड्डा समजतो.

"जन्मभर सावल्या वाचल्या, आणि घरच्या दिव्यानं तोंडघशी पाडलं!"

"दिव्याला कशाला बोल? ठेवला कोणी?"

"तुम्ही काज करा!"

पुढचे चार महिने बाईंनी भंगारवाल्याकडची नाणी पालथी घातली. त्याच ठशाची आणखी दोन हाती लागली: एकावर भेग अर्ध्यातच थांबलेली; दुसऱ्यावर ती काठाला भिडलेली, आणि तिथे ठशाचा तुकडाच निखळल्याने धातूचा फुगवटा. तिन्हींची छायाचित्रे त्यांनी वरच्या अंगाने उजेड देऊन घेतली.

वार्षिक सभेत त्यांनी तिन्ही नाणी ओळीने मांडली आणि दिवा हातात धरून सावकाश भोवती फिरवला. रेघेची सावली दर वेळी दिव्याच्या उलट बाजूला पडली, म्हणजे रेघ उंचच होती; शिवाय ती एका नाण्यापेक्षा दुसऱ्यावर लांब होत गेली होती. ओरखडा असा नाण्यागणिक वाढत जात नाही. अध्यक्षांनी खात्रीसाठी नख पुढे केले.

"अहो अध्यक्ष, हात आवरा! नाणं काठाला धरतात," बाईंनी दटावले.

हशा पिकला. अध्यक्षांनी निमूटपणे नाणे काठाला धरले, भिंगाखाली पाहिले आणि म्हणाले, "भेगच आहे. चूक आमची." नोंद बाईंच्या नावाने सूचीत गेली, तीन अवस्था, तीन छायाचित्रे. घरी परतताना नवऱ्याने सगळ्या वाटभर शिवणीचे श्रेय मागितले, आणि बाईंनी ते उदार मनाने दिले.

मात्र समितीची पद्धत आजही तीच आहे. मंडळाच्या सभासद वाचकांनो, पाकीट न उघडता कोणाचेही नाणे नाकारता येणार नाही, असा नियम करण्याची लेखी मागणी या महिन्यातच समितीकडे पाठवा.