नवरदेवाच्या कपाळावरचा हात

ये गं, जरा जवळ सरक. तू धुळ्यात नि मी जळगावात, तरी सरक. मी लिहिते ते बोलल्यासारखंच लिहिते, आणि लांबच्या माणसावर मला रागावता येत नाही. परवा फोनवर किती सहज म्हणालीस, "आजी, अल्बम पक्का करायच्या आधी फोटोवाला तो हात कॉम्प्युटरवर पुसून देणार आहे." अल्बम तुझा, नवरा तुझा, मी कोण बोलणारी? पण 'तो हात' म्हणजे काय? तो काय मांडवाच्या खांबातून उगवला होता?

माझ्या थोरल्या नणंदबाईंनी, म्हणजे तुझ्या आजोबांच्या असोद्याच्या बहिणीने, लग्नाचे जेवढे फोटो बिघडवले तेवढे साऱ्या खानदेशात वाळवीनेही खाल्ले नसतील. अक्का म्हणतो आम्ही त्यांना. बाकीच्या बायका फोटोसाठी काय काय करतात! साडीला इस्त्री, केसांना काळा रंग, मॅचिंग बांगड्या. अक्का पिशवीत केसांच्या चिमट्यांची डबी टाकतात, की झाली त्यांची तयारी. आणि ते चिमटे स्वतःसाठी नव्हेत हो, नवरदेवासाठी. मंगलाष्टकं संपली की ह्या गुडघे धरत स्टेजवर हजर. नवरदेवाच्या मुंडावळ्या जरा तोंडावर आल्या की ह्यांना राहवत नाही. माळा उचलायच्या, कानामागे न्यायच्या, चिमटा ठोकायचा, वर पदराने त्याच्या गालाची हळद पुसायची. सोबत बोलणं चालूच, "तोंड दिसू दे ना माय त्याचं. लगन त्याचं हाये का फुलांचं?"

यावलच्या एका लग्नात तर ह्यांनी वरातीतल्या घोडीचा लगाम धरला. बँडवाले थांबले, नाचणारे थांबले, मागे केळीचा ट्रक हॉर्न मारतोय, आणि अक्का घोडीवरच्या मुलाला सांगताहेत की खाली वाक. चोपड्याला चिमटा ओढताना अख्खा फेटाच हातात आला. वरमाय रुसली, भर मांडवात आमचा मान उतरवला म्हणाली. पंगत खोळंबली, वांग्याचं भरीत गार झालं, अख्ख्या गावासमोर मी हात जोडले. आणि ह्या? शांतपणे त्या मुलाकडे बघत म्हणाल्या, "पाह्य, कपाळ कसं चांगलं हाये. झाकून ठेवलं व्हतं उगाच."

तुझ्या लग्नात तर कळसच. तुझ्या हौसेच्या त्या मोगऱ्याच्या जाडजूड मुंडावळ्या, आणि जावईबापू सारखी मान खाली घालणारे. अक्कांना दुसरं काय हवं? फोटोवाला बिचारा नम्रपणे म्हणाला, आजी, फ्रेमच्या बाहेर या. तर म्हणाल्या, "मी भाईरच हाये रे भाऊ. आत फक्त हात हाये." आणि माझं ऐक. आयुष्यात पहिल्यांदा मी पार्लरची पायरी चढले होते. भुवया कोरून घेतल्या, रडू आलं तरी गप्प बसले. एवढं करून घरच्यांच्या त्या मोठ्या फोटोत मी कुठे आहे? अक्कांच्या कोपरामागे. एक भुवई तेवढी दिसते. पुसायचंच झालं तर पहिला अर्ज माझा होता, सांगून ठेवते.

म्हणून तुझा फोन झाल्यावर तू पाठवलेला कच्चा अल्बम पिशवीत घातला, बस पकडली नि असोद्याला गेले. आज बोलायचंच असं ठरवून गेले. अक्का ओसरीत कापसाच्या वाती वळत होत्या. मी अल्बम त्यांच्या मांडीवर आपटला नि म्हटलं, बघा, काय दिसतंय.

त्यांनी चष्मा लावला. एकेक पान सावकाश उलटलं. पानापानावर त्यांचाच हात, त्याच हिरव्या बांगड्या. पण शप्पथ सांगते, त्यांना तो दिसलाच नाही. बोट फिरत होतं ते जावईबापूंच्या तोंडावरून. "कसा साफ दिसू ऱ्हायला पोरगा," एवढंच म्हणाल्या.

त्यांच्यामागे भिंतीवर त्यांच्या मालकांचा फोटो आहे. तू लहानपणी पाहिला असशील, पण त्यात माणूस आहे हे तुला कळलं नसेल. त्यांच्या लग्नातला तो. बाशिंगाला लोंबणाऱ्या फुलांच्या माळा, माळांखाली कोटाची दोन बटणं, बस. नंतर त्यांनी जन्मात कधी फोटो काढू दिला नाही. तेव्हा ओळखपत्रं-बिळखपत्रं नव्हती. ते गेले तेव्हा भिंतीवर लावायला घरात हा एकच निघाला. फुलांच्या फोटोला फुलांचा हार. दिवसांना आलेली माणसं हळूच एकमेकांना विचारत होती, यात ते कुठे आहेत.

अक्कांनी अल्बम मिटला. मागे वळूनही पाहिलं नाही. वाती पुन्हा हातात घेतल्या नि म्हणाल्या, "ह्यांच्या लगनाच्या टायमाले कोनी माळांले हातच नाही लावला, माय."

मी अल्बम उचलून पिशवीत घातला. चहा घेतला नि परत आले.

तेव्हा फोटोवाल्याला तुझं काय सांगायचं ते सांग. पण आठ दिवस थांब म्हणावं. त्याआधी जावईबापूंना घेऊन ये, आपण तिघं असोद्याला जाऊ. अक्कांसमोर त्यांना नीट उजेडात बसवू, पोटभर बघू दे. लवकर या. आणि येताना केस कपाळावरून मागे वळवून यायला सांग त्यांना, नाहीतर तो हात पुन्हा येईल.