मामाजींना गोठ्यात बंदी

आमच्याकडे माणूस असो की बैल, अंगात ताकद उरली नाही की पहिला उपाय सलाईन. तुरीच्या वावरात रानडुकरानं फाडलेली आमची कुत्री जखम चिघळून गोठ्यात निपचित पडली, तेव्हा मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गावात गुरांवर उपचार करणाऱ्याला बोलावून तिला सलाईन लावून घेतलं. तेही भरभर, कारण थेंबथेंब सुटणाऱ्या सलाईनवर त्यांचा विश्वास नाही. संध्याकाळपर्यंत कुत्री बरगड्या उडवत श्वास घ्यायला लागली.

पांढरकवड्याहून आलेल्या डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. जखमेतलं विष रक्तात उतरून हृदय ढिलं पडलं होतं. एवढं पाणी पुढे ढकलणं त्याला झेपेना, म्हणून ते फुप्फुसात साचत होतं. सलाईन काढून त्यांनी इंजेक्शनं दिली. "तिला उठू देऊ नका, हृदयावर ताण येईल," ते म्हणाले. "सगळ्यात जास्त खूश कोणाला पाहून होते?"

आम्ही सगळ्यांनी मामाजींकडे पाहिलं. "मग यांनी गोठ्यात यायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

मामाजी बाहेर गेले. मला त्यांचा राग यायचा, कारण पोटच्या पोरांना कधी जवळ न घेतलेला हा माणूस कुत्रीला मात्र आपल्या ताटातली भाकर भरवायचा. आता ते मला सारखे विचारत, "खाल्लं काय तिनं? वाट पाहून राह्यली काय माही?" वारा गोठ्याकडे वळला की आपला वास तिला जाऊ नये म्हणून घराच्या पलीकडे जाऊन बसत. माया म्हणजे जवळ बसणं, एवढंच मला तोवर माहीत होतं. माझा राग तिथंच निवला.

मधे एकदा ती दूध प्यायली. त्या दिवशी मामाजी पोटभर जेवले. मग तिचे पाय गार पडले, हिरड्या पांढऱ्या झाल्या. डॉक्टरांनी पुन्हा नळी लावली आणि मला म्हणाले, "आता बोलवा त्यांना."

"बरी झाली काय?" म्हणत मामाजी उठले, आणि माझा चेहरा पाहून परत बसले. "मंग मले कायले बोलावून राह्यली? राहू दे मले इथंच." आपण जात नाही तोवर ती जगेल, असं त्यांना वाटत होतं. खरं सांगायचं तर मलाही.

शेवटी ते गोठ्यात गेले. तिनं डोळे उघडले, शेपटी जमिनीवर आपटली आणि पुढचे पाय रेटत उठायला लागली. मामाजींनी तिला दोन्ही हातांनी धरलं.

"उठू नोको माय," ते म्हणाले, "मीच बसतो खाली."