तांडेलाचा हौद आणि माझा

“बादली खाली ठेवा. सायेब, तुमालाच सांगतोय, ती बादली खाली ठेवा.”

हा आवाज तांडेलाचा. आपल्या गावी, गव्हाणात, तो नुसता खाकरला, तरी पार लांब द्रोणागिरीच्या गोदामांतले हमाल जेवणाची सुट्टी झाली समजून डबे उघडत, असा. मी पाण्याची बादली खाली ठेवली नाही. ओतली. माझ्या हौदासाठी कालवलेल्या काँक्रीटमध्ये, सगळ्या मजुरांच्या देखत.

तांडेल आमच्या रसायनांच्या कारखान्यात काँक्रीटच्या टोळीचा मुकादम. बाप मासेमारीच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, होता, म्हणून यालाही तेच नाव चिकटलं. हा स्वतः कधी गुडघाभर पाण्यापुढे गेला नाही. मी इंजिनियर. पनवेलात घर, भिंतीवर डिग्री. पण काहीही अडलं की मॅनेजर विचारायचे, “तांडेल काय म्हणतो?” माझ्या बायकोनंसुद्धा गच्ची गळते म्हणून मला ओलांडून त्यालाच फोन केला. त्या दिवशी मी जेवलोच नाही. म्हणजे जेवलो, पण तिसऱ्यांदा भात घेतला नाही.

डब्यातल्या मासळीवर पिळून उरलेलं लिंबू तो कधी फेकत नसे. काँक्रीटच्या वाळलेल्या ठोकळ्यावर पिळायचा आणि वर येणारे बुडबुडे बघत बसायचा. “शिमिट म्हंजे चुन्याच्या घरचा,” म्हणायचा. “आंबट त्याला खानारच. आपन त्याला आत शिरायला वाट ठेवायची नाय, येवढंच.” वाट म्हणजे जादा पाणी. ते उडून गेलं की मागे बारीक भोकं राहतात आणि ॲसिड त्यांतून आत उतरतं. हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं. पण त्याच्या तोंडून ऐकलं की मला पुस्तकाचाच संशय यायचा.

ॲसिडचं धुवण साठवायला दोन हौद बांधायचे ठरले. एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. तांडेलानं सिमेंटमध्ये वीजघराची राख मिसळली, पाणी मोजूनमापून घातलं. माल इतका घट्ट, की रुतलेलं फावडं काढायला दोन पैलवान लागावेत. मी राखेला हसलो, सिमेंट वाढवलं आणि माल सरसर पसरावा म्हणून ती बादली ओतली. मग तो ओली गोणपाटं पांघरवून हौदाला बाळंतिणीसारखं जपत बसला. मी माझी गोणपाटं चौथ्या दिवशी काढली आणि गुळगुळीत तळ मॅनेजरांना दाखवला. त्यात चेहरा दिसत होता. मी तर भांगही पाडून घेतला.

वर्षानं हौद रिकामे केले. वरचा संरक्षक रंग दोन्हीकडे सुटला होता. त्याखाली तांडेलाचा तळ जरासा खरखरीत झालेला, बस्स. माझ्या तळात खडी दात विचकून वर आलेली. काठीनं टोचलं तर भुसभुशीत वाळू. “सिमेंटच खराब आलं असणार,” मी म्हणालो. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही. मॅनेजर माझ्याकडे न बघता म्हणाले, “तांडेल, तुम्ही बोला. काय करायचं?”

त्यानं बादलीचा एक शब्द काढला असता, तर माझी नोकरी त्याच हौदात विरघळली असती. तो उकिडवा बसला, काठी चार ठिकाणी टोचून पाहिली. “खाल्लेलं समदं फोडून काडायचं. धुवायचं. नवा माल ओतायचा, वर ॲसिड सोसनाऱ्या विटा लावायच्या.” आणि महिनाभर राबून त्यानंच माझा हौद उभा केला. तोवर मी त्याच्या हाताचाच हेवा करत होतो. आता त्याच्या गप्प बसण्याचाही करू लागलो. हे दुखणं जास्त वाईट. हाताचं काम निदान शिकता येतं.

गुडघ्यांनी दगा दिला म्हणून तांडेलानं काम सोडलं, तेव्हा मीच त्याला गाडीनं गव्हाणला पोचवलं. वाटेत न राहवून विचारलं, “तांडेल, त्या दिवशी मॅनेजरांना खरं का नाही सांगितलंत?”

तो खिडकीबाहेर बघत होता.

“काय करायचं ते इचारलं त्यांनी. काय झालं ते कुटं इचारलं?”